चक्कीवरची तरंगती खोली

"मॅडम, घरघर परत आली."

वैशालीचा फोन आला तेव्हा मी यवतमाळात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या जनरेटरच्या खोलीत उभी होते. हातात मोजे, तोंडाला फडकं. मी फडकं खाली ओढलं.

"अशी कशी परत येईल? काम ताब्यात दिलं तेव्हा आपण चक्की चालू ठेवून ऐकलं होतं. काही नव्हतं."

"तेव्हा नव्हतं. आता आहे. कंपनीनं सॅम्पल परत पाठवलं. म्हणाले, मागं मशीन चालू आहे. उद्या संध्याकाळपर्यंत स्वच्छ सॅम्पल दिलं तर ठीक, नाही तर ती पुस्तकं दुसऱ्या कोणाला तरी देतील."

वैशालीचा आवाज फार स्वच्छ आहे. शब्दाचं शेवटचं अक्षरसुद्धा ती पूर्ण करते. त्या दिवशी तिचं वाक्य शेवटाकडे जाता जाता विरून गेलं. मला राग आला. कोणाचा ते अजून ठरायचं होतं, पण आला.

मी आवाज अडवायचं काम करते. ऑफिसच्या बोर्डावर 'अकौस्टिक कन्सल्टंट' असं लिहिलं आहे. गावात मला 'आवाज बंद करणारी बाई' म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहे. हॉल, दवाखान्यांचे जनरेटर, कोचिंग क्लासच्या खोल्या, आणि आता गेल्या काही वर्षांत घरातले छोटे स्टुडिओ. लोकांना वाटतं साउंडप्रूफिंग म्हणजे भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणं. अंड्यांच्या ट्रेनं फक्त अंडी सुरक्षित राहतात.

वैशालीचं घर घाटंजीत. खाली पिठाची चक्की, वर घर. चक्की तिच्या सासूबाई चालवतात, कमलाबाई. सासरे गेले तेव्हा लोक म्हणाले, चक्की विकून टाका. कमलाबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात स्वतः पट्टा चढवला आणि ज्वारीचं पहिलं पोतं दळलं. नवरा प्रशांत शाळेत मास्तर, मुलगी तिसरीत. वैशाली ऑडिओबुकसाठी पुस्तकं वाचते. मोबाईलवर जे पुस्तक लोक कानानं ऐकतात, ते आधी कोणाला तरी तोंडानं वाचावं लागतं. ते काम तिचं.

दिवसा चक्की चालते म्हणून ती रात्री वाचायची. डोक्यावर रजई घेऊन, मोबाईलसमोर. कंपनीनं दोन वेळा परत पाठवलं. आवाज चांगला आहे पण थकलेला आहे, म्हणाले. दिवसा, ताज्या आवाजात वाचू शकलात तर एक मोठी मालिका देतो. नाही तर पुण्याला येऊन आमच्या स्टुडिओत बसा. पुण्याला जायचं म्हणजे मुलगी, नवरा, घर, सगळं मागं टाकून जायचं. म्हणून तिनं मला बोलावलं होतं.

पहिल्या दिवशी मी सरळ विचारलं, "चक्की चार तास बंद नाही ठेवता येणार?"

"मी कधी म्हटलंच नाही तसं," वैशाली म्हणाली. "म्हटलं असतं तर आईंनी ठेवली असती. म्हणून नाही म्हटलं."

ती मला तिथंच आवडली.

माझा पहिला विचार असा होता, की चक्कीखालीच रबर घालावं. आवाज जिथं जन्मतो तिथंच धरणं सगळ्यात सोपं. कमलाबाईंनी तो विचार पाच मिनिटांत निकालात काढला.

"चक्कीले हात लावाचा नाही," त्या म्हणाल्या. भुवयांवर पीठ, कमरेला पदर खोचलेला. "दगडाची लेव्हल बिघडली का पीठ जाडं पडते. गिऱ्हाईक मले बोलन, तुमाले नाही."

मग उरली वरची खोली. ती घरापासून सोडवायची.

हे जरा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, तो दार-खिडकी घट्ट केली की अडतो. दुसरा येतो घराच्या अंगातून. चक्की जमिनीला हलवते, जमीन खांबांना, खांब स्लॅबला, आणि स्लॅब तुमच्या खुर्चीला. त्याला दार-खिडकी काही करू शकत नाही. ओट्यावर मिक्सर लावला की मांडणीतली भांडी वाजतात, तेच हे. मिक्सरखाली टॉवेलची घडी ठेवली की भांडी गप्प होतात. खोलीखाली टॉवेल घालायचा, त्याला आमच्या भाषेत फ्लोटिंग फ्लोअर म्हणतात. तरंगती जमीन.

स्लॅबवर जाड रबराचे चौकोनी तुकडे ठेवले. त्यांच्यावर लाकडी चौकट, मधल्या जागेत रॉकवूल. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून केलेला कापूस. आमच्या जिल्ह्यात कापूस म्हटला की पुढं समजवावं लागत नाही. वर प्लायवूड, सिमेंटचं बोर्ड, पुन्हा प्लायवूड. स्क्रू असा निवडायचा की एकही खाली स्लॅबला पोचता कामा नये. चारही बाजूंनी भिंतीपासून बोटभर फट, तिच्यात मऊ फोम. मग त्या जमिनीवरच आतल्या भिंती उभ्या केल्या आणि त्या भिंतींवरच आतलं छत. खोलीच्या आत खोली, घराला कुठंही न टेकलेली. दारं दोन. एक बाहेरच्या भिंतीत, एक आतल्या. दोन चौकटींच्या मध्ये खाली जमीनच नव्हती, नुसता एक खोल चर. पाय अडकू नये म्हणून त्यावरून रबराची पट्टी.

काम चालू असताना कमलाबाई एकदा वर आल्या होत्या. त्यांनी टाच आपटून पाहिली.

"पोकळ वाजून राह्यली वं."

"पोकळच पाहिजे, कमलाबाई. ही जमीन कुठं टेकलेली नाही."

"जमिनीले न टेकलेली जमीन? मंग थे कायच्या भरोशावर उभी हाय?"

"रबराच्या."

"रबराच्या," त्या म्हणाल्या, सुनेकडं एकदा पाहिलं आणि खाली गेल्या. मला वाटलं पटलं.

काम झालं. चक्कीवर गहू चढवून आम्ही वर बसलो, ऐकलं, मशीनवर मोजलं. मी प्रशांत आणि वैशालीला समोर बसवून सांगितलं, खोली घराला कुठं चिकटू द्यायची नाही. दोघांनी माना डोलावल्या. मी चहा पिऊन यवतमाळला परत आले. आणि थोड्याच दिवसांनी हा फोन.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि रफिकभाई निघालो. रफिकभाई माझे सुतार, मूळ नेरचे. आमचं काम इतकं जुनं आहे की मी चिडले की ते वाद घालत नाहीत, चहा मागवतात.

घाटंजीत बाजाराचा दिवस होता. चक्कीपुढं थैल्यांची रांग, वर प्लास्टिक अंथरलेलं, कारण पाऊस कधीही येईल असा होता. कमलाबाई आत पट्ट्याशेजारी उभ्या. त्यांनी मला पाहून मान हलवली आणि वर बोट दाखवलं. बोलून उपयोग नव्हता, त्या आवाजात कोणी कोणाचं ऐकत नाही.

वर वैशाली दारातच उभी होती. डोळे सुजलेले.

"काम झाल्यावर खोलीत काय बदललं?" मी विचारलं.

"काहीच नाही, मॅडम."

हे उत्तर मला पाठ आहे. काहीच नाही म्हणतात आणि मागं नवीन एसी असतो.

"कपाट ठेवलं? एसीचा पाइप काढला? भिंतीत खिळा मारला?"

"भिंतीत एकही नाही. तुम्ही सांगितलं होतं ना."

आत गेलो. दोन्ही दारं लावली. कानाला ऐकू येत नव्हतं म्हणा, पण पायाला लागत होतं. खाली कोणी तरी गुणगुणतंय असं. माइकला तर ते लागणारच, माइकचा कान आपल्यापेक्षा तिखट असतो.

पहिला संशय विजेचा. चक्कीची मोटार मोठी, एकाच मीटरवर घर, तारेतूनही घरघर येते. मी तिची सगळी वायर काढून टाकली आणि माझं बॅटरीवरचं रेकॉर्डर लावलं. घरघर तशीच. वीज संशयातून सुटली.

मग मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. डॉक्टरचाच. हसू नका, माझ्या धंद्यात याच्याइतकं कामाचं आणि स्वस्त दुसरं काही नाही. भिंतीला लावला. भिंत बोलत होती. जमिनीला लावला. जमीन जास्त बोलत होती.

"रबर बसलं असेल का?" मी रफिकभाईंना विचारलं. रबर दबून सपाट झालं असतं तर सगळी जमीन उखडावी लागली असती. भिंती, छत, सगळं. आणि वैशालीकडं फक्त आजची संध्याकाळ होती.

"अपना रबर नहीं बैठता, मॅडम," रफिकभाई म्हणाले. "दूसरा देखो."

दुसरं बघितलं. स्टीलची पातळ पट्टी घेऊन मी गुडघ्यांवर बसले आणि भिंतीकडंची फट फिरत फिरत तपासली. पट्टी कुठं अडली तर समजायचं की आत खडा आहे, सिमेंट सांडलंय, काही तरी टेकलंय. अडली नाही. चारही भिंती सुटलेल्या. स्टेथोस्कोप मात्र दाराकडं सरकवला की आवाज वाढायचा. मी सरकत सरकत दारापर्यंत आले. दोन दारांच्या मध्ये जाड गालिचा टाकलेला होता. नवीन, निळा. येताना मी त्यावरूनच आत आले होते.

"हा कधी टाकला?"

"धूळ येऊ नये म्हणून," वैशाली म्हणाली.

मी गालिचा उचलला. काखेत कळसा म्हणतात ना, तो तिथं होता. चर नव्हता. रबराची पट्टी नव्हती. दोन्ही चौकटींना भिडलेला, सागवानाचा, चांगला रुंद उंबरठा होता. त्याच्यावर हळद-कुंकवाची बोटं, आणि बरोबर मध्यावर एका जाड खिळ्याचं डोकं.

"हे काय?"

"उंबरठा," वैशाली म्हणाली.

"तो दिसतोय मला. इथं कसा आला?"

"आईंनी बसवून घेतला. दाराला नव्हता ना."

"मी आत्ता विचारलं, काय बदललं म्हणून."

"बदललं कुठं, मॅडम? उंबरठा राहून गेला होता, तो बसवला."

मी तिच्याकडं पाहत राहिले. ती खोटं बोलत नव्हती. एसी लावणं हा बदल, कपाट ठेवणं हा बदल. दाराला उंबरठा असणं हा बदल नव्हता, ती राहिलेली गोष्ट पुरी झाली होती. मी दहा प्रश्न विचारले असते तरी तिनं उंबरठा सांगितला नसता.

रफिकभाईंनी उंबरठ्याच्या कडेला नख घातलं. "नीचे माल भरा है," ते म्हणाले. म्हणजे चर रेती-सिमेंटनं भरून टाकला होता. अगदी पक्का, वरपासून स्लॅबपर्यंत. उंबरठा हलू नये म्हणून तो आतल्या चौकटीला स्क्रूनं आवळला होता. माझी खोली आता घराला चांगली हातभर बांधलेली होती. खालची चक्की त्या वाटेनं थेट वर चढून येत होती.

मी जिन्यावरून हाक मारली. ती ऐकू येणं शक्य नव्हतं. वैशाली खाली जाऊन त्यांना घेऊन आली, चक्कीवरच्या कामगाराला पट्ट्यापाशी उभं करून.

"कमलाबाई, हा उंबरठा तुम्ही बसवला?"

"मंग. तुमी इसरल्या होत्या."

"विसरले नव्हते. मुद्दाम ठेवला नव्हता."

"उंबरठ्याबिगर खोली कोणी मुद्दाम ठेवते काय?"

"मला एक फोन करून विचारायचं तरी."

"उंबरठा बसवाले इंजिनेराले इचारते काय कोणी, बाई?"

खरंच कोणी विचारत नाही. रफिकभाई खाली बघून हसत होते, ते मला दिसलं. मी राग गिळला आणि मिक्सरचं उदाहरण सांगितलं. ओटा, भांडी, टॉवेलची घडी.

"आता तुम्ही टॉवेल ठेवला," मी म्हटलं, "आणि मग मिक्सर टॉवेलातून ओट्याला ठोकून टाकला, तर भांडी वाजतील की नाही?"

"वाजतीन."

"हे ते ठोकणं आहे."

कमलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा उंबरठ्याकडं, एकदा वैशालीकडं पाहिलं.

"म्हंजे तुयं आता वापस आलं, थे याच्यापायी?"

वैशालीनं मान डोलावली. कमलाबाई खाली बसल्या.

"काढा मंग," त्या म्हणाल्या. "लाकूड काढा, माल काढा. पण खिळा निंगणार नाही."

"का?"

"थो जिवतीचा खिळा हाय."

मी इथलीच आहे, मला सांगावं लागत नाही. आषाढाच्या अमावस्येला घराघरात जिवती मांडतात. लेकराबाळांची राखण करणारी. सकाळी लोहार येतो, दारात एक खिळा ठोकतो आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जातो. लेकरावर येणारी इडापिडा दारातच अडकून राहावी म्हणून. मारलेला खिळा उपसत नाहीत. लाकूड कुजून पडेल तेव्हा पडेल.

"पण कमलाबाई, या खोलीत लेकरू राहत नाही. हा खिळा इथं कशाला?"

"खालच्या दारात नातीच्या नावाचा मारला. हा हिच्या नावाचा हाय."

"माझ्या?" वैशाली म्हणाली.

"मंग कोणाच्या? दोन खेपा तुयं वाचलेलं वापस आलं. रातरात जागून घसा बसवून घेतला तुनं. मले सांगतलं नाही, पण मले दिसत होतं. म्या लोहाराले म्हटलं, बाबा, वरतं बी एक मार. तं थो म्हणे, उंबरठा कुठी हाय? म्हणून आधी उंबरठा बसवला." त्यांनी पदरानं भुवयांवरचं पीठ पुसलं. "लेकराच्या नावानं मारतात. म्या तुया नावानं मारला."

खाली चक्की चालूच होती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला मला लाज नाही. वैशाली उंबरठ्याच्या पलीकडं मटकन बसली.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. ती वाचतानाची भाषा गेली होती. "खिळा काढाचा नाही. मी रातीच वाचीन."

"रातच्यानं कायले वाचतं?" कमलाबाई तिच्यावर उखडल्या. "थे लोक नाही म्हणून राह्यले न रातचं?"

"मंग पुस्तकं गेली तं गेली. तुमी मारला, थो राहीन."

"गेली तं गेली? असं कसं गेली?"

सासू-सुना एकमेकींसाठी एकमेकींशी भांडत होत्या, आणि माझी तरंगती जमीन मध्ये अडकली होती. रफिकभाई उठले आणि चहा सांगून आले.

चहा पिता पिता मी त्या खिळ्याकडं पाहत बसले. भांडण खिळ्यावरून चाललं होतं, पण खिळ्यानं माझं काय बिघडवलं होतं? लाकडात घुसलेल्या लोखंडाशी माझं वैर नाही. आतल्या जमिनीत मीच शेकड्यांनी स्क्रू मारले आहेत. वैर फक्त एकाशी, वर आणि खाली एकाच वेळी टेकण्याशी.

"कमलाबाई, खिळा उपसायचा नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"आणि दारात पाहिजे."

"दारातच पाह्यजे."

"त्याचं टोक खाली सिमेंटात रुतलेलंच पाहिजे, असं काही आहे का?"

त्यांनी विचार केला. धंदेवाईक बाई, उगाच हो-नाही म्हणत नाहीत.

"नाही. लाकडात पक्का पाह्यजे. सिमिट कुठी होतं पह्यले? मायच्या घरी तं लाकडाच्याच चौकटीत मारे."

"मग खिळ्याला कोणी हात लावणार नाही. त्याच्या खालचं सगळं काढून घेऊ."

रफिकभाईंना एका शब्दात कळलं. त्यांनी पेन्सिलीनं उंबरठ्यावर लांबीत रेघ मारली, खिळ्यापासून थोडी बाहेरच्या बाजूला. त्या रेघेवर उंबरठा उभा चिरायचा. आतला भाग, खिळ्यासकट, आतल्या चौकटीला स्क्रूनं धरलेला आहेच, तो तिथंच राहील आणि तरंगत्या खोलीचा होईल. बाहेरचा भाग निघेल. तो निघाला की चर उघडा पडेल, आणि त्या वाटेनं छिन्नीनं खालचा सगळा माल फोडून काढायचा. आतल्या भागाखालचासुद्धा.

करवत चालू झाली तशा कमलाबाई पुढं सरकल्या आणि त्यांनी खिळ्याच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"मावशी, हात हटाओ, लगेगा," रफिकभाई म्हणाले.

"मले नाही लागत. तुमी कापा."

सागवान कडक, वेळ लागला. बाहेरचा भाग निघाला, मग छिन्नी-हातोडी. माल चांगला घातला होता, मिस्त्रीची तारीफ करावी लागेल, नको तिथं इतकं मजबूत काम मी कमी पाहिलं आहे. वैशाली घमेल्यात तुकडे भरून बाहेर नेत होती. तिला म्हटलं, तू बोलू नको, धूळ घशात जाईल, संध्याकाळी वाचायचं आहे. तिनं ओढणी तोंडाला बांधली आणि तुकडे नेत राहिली.

मी आत जमिनीवर पालथी पडले होते, कानाला स्टेथोस्कोप. छिन्नी थांबली की चक्कीची घरघर, छिन्नी चालली की ठकठक. शेवटी खिळ्याच्या टोकाला धरून बसलेला एक गोळा तेवढा राहिला. रफिकभाईंनी तो बाजूनं हलकेच ठोकला. तो सुटून चरात पडला, आणि माझ्या कानातली घरघर गेली. हळूहळू नाही. एकदम.

"झालं," मी म्हटलं.

कमलाबाईंनी खिळ्यावरचं बोट काढलं. त्याच्या डोक्यावर हळद तशीच होती.

"हालला नाही न?"

"जरासुद्धा नाही. तुमचंच बोट होतं त्याच्यावर."

त्यांनी वाकून चरात पाहिलं. खिळ्याचं टोक लाकडातून खाली निघून हवेत लोंबत होतं. "आता ह्यो बी तरंगून राह्यला," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

चर झाडून घेतला, रबराची नवी पट्टी टाकली. वैशाली गरम पाणी प्यायली, केस बांधून माइकसमोर बसली. मी कमलाबाईंना म्हटलं, तुम्ही पण बसा आत, सुनेला वाचताना कधी ऐकलंय का? नव्हतं ऐकलं. रात्री त्या झोपलेल्या असत आणि दिवसा चक्कीपाशी. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या, हात मांडीवर, फोटो काढायला बसल्यासारख्या. कामगाराला खाली सांगून ठेवलं होतं, काही झालं तरी चक्की बंद करायची नाही. बाजाराची रांग होतीच.

मी आतलं दार लावलं. वैशालीनं वाचायला सुरुवात केली. तिचा तो स्वच्छ, शेवटचं अक्षर पूर्ण करणारा आवाज. मी हेडफोनवर ऐकत होते. मागं काहीही नव्हतं. पान संपत आलं आणि कमलाबाई ताडकन उठल्या.

"चक्की काहून बंद पडली? खाली लाइन लागली हाय."

त्यांनी आतलं दार उघडलं, मग बाहेरचं. खालून चक्कीचा आवाज भसकन आत आला. चक्की चालू होती. त्या तिथंच थांबल्या, एक पाय त्या अर्ध्या उंबरठ्याच्या अलीकडं, एक पलीकडं. त्यांनी बाहेरचं दार लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. इतक्या वर्षांत चक्की चालू असून ऐकू येत नाही असं त्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. त्या परत येऊन स्टुलावर बसल्या.

"वाच," त्या सुनेला म्हणाल्या. "माह्या धास्तीनं थांबू नको. पुढं काय झालं त्या बाईचं?"

ते पान वैशालीनं पुन्हा वाचलं, कारण आधीच्यात दाराचा आवाज आला होता. संध्याकाळ व्हायच्या आत सॅम्पल गेलं. मालिका तिला मिळाली. आता ती सकाळी, मुलगी शाळेत गेली की वाचायला बसते. कमलाबाई दुपारी जेवणानंतर फोन कानाला लावून ऐकतात, कारण खाली चक्कीपाशी दुसरा काही इलाज नाही. एका पुस्तकात सासू वाईट दाखवली म्हणून त्यांनी मला फोन करून तक्रारही केली होती.

या कामातून मी एकच गोष्ट घेतली. काम ताब्यात देताना समजवायचं ते सही करणाऱ्याला नाही, घराचं दार ज्याच्या ताब्यात आहे त्याला. आणि त्याच्या घरी दाराचं काय काय करतात ते आधी विचारून घ्यायचं. तोरण, नाल, लिंबू-मिरची, उंबरठा. विचारलं की सांगतात. न विचारता कोणी सांगत नाही, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये आतल्या दाराला तरंगत्या जमिनीवर बसलेला अर्धा उंबरठा असतो, आणि त्याच्या मध्यावर एक बारीक गोल. मागे पुण्याच्या एका आर्किटेक्टनं फोन करून विचारलं, हा गोल कसला, कुठल्या फिटिंगचा?

"खिळ्याचा," मी म्हटलं. "लाकडात पक्का बसेल एवढाच द्या. खाली स्लॅबला टेकेल इतका लांब लावू नका."